आबांचा हुंकार

गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार द्यायची सवय पिंपळीच्या रामहरी आबांच्या इतकी अंगात भिनलेली, की टीव्हीवर पंतप्रधान बोलायला लागले तरी हे आपले वाक्यागणिक "व्हय" म्हणायचे. बायको, कौसल्या, हसायची. "पोचतंय व्हय तुमचं दिल्लीला?"

त्या दुपारी पंतप्रधान म्हणाले, "देशाला आज तुमच्या घरातला एक माणूस हवा आहे."

आणि थांबले. पडद्यावर त्यांची पापणी लवत होती, नजर मात्र आबांवरून हलेना.

कौसल्येनं झटकन नवऱ्याचं तोंड दाबून धरलं.

भिंतीपलीकडून शेजारचा गुलजार ओरडला, "काकू, आमच्या टीव्हीतबी सायेब गप्पच हायती! आबांना व्हय म्हणायला सांगा की!"

"गप रं मेल्या!"

तिच्या तळहाताखाली आबांचे ओठ घट्ट मिटलेले होते.

आणि टीव्हीतून आबांचाच आवाज आला, "व्हय."