नमुन्याचा तुकडा

“जांभळा म्हणजे हाच जांभळा, दुसरी छटा चालायची नाही!” असं ठणकावत नवरदेवाच्या आईने कापडाचा तुकडा नातेवाइकांपासून केटररपर्यंत सगळ्यांच्या हातात कोंबला होता. जणू हा रंग बाईंनीच जन्माला घातला होता!

लग्नात धाकटी जाऊ जुन्या हिरव्या ड्रेसमध्ये आली, तशी बाईंनी नाक मुरडलं. “एवढं साधं जमलं नाही तुला? फोटोत कडमडू नकोस, माझ्या मागे उभी राहा.”

केटररने मात्र हुकूम तंतोतंत पाळला होता. वाढणाऱ्या झाडून सगळ्या बायकांना त्याने त्याच कापडाचे कपडे शिवले होते.



पहिल्यांदाच भेटणाऱ्या नवरीच्या मामांनी रिकामा ग्लास बाईंच्या हातात दिला आणि मागे उभ्या जावेला अदबीने विचारलं, “नवरदेवाच्या आई आपणच ना?”