आई, कुठलं पान?

दिवा पेटला. मंदावला. पुन्हा हळूहळू उजळला, झोपलेल्या माणसाची छाती वरखाली व्हावी तसा. मालन स्टुलावर बसून बघत राहिली. ती राहायची त्या दहिसरच्या टॉवरवर संध्याकाळ उतरत होती. खाली नदी म्हणून जे काही वाहतं, ते एवढ्या उंचीवरून खरंच नदीसारखं दिसत होतं.

हा दिवा असा पेटवायला शिकण्यामागचं कारण काही थोर नव्हतं. मुलगा निलेश जर्मनीत यंत्रांच्या आत बसणाऱ्या चिपचे, म्हणजे मायक्रोकंट्रोलरचे, प्रोग्रॅम लिहायचा. फोनवर 'जेवलास का' झालं की मायलेकांचं बोलणं संपायचं. म्हणून मालनने त्याच्या कपाटात पडलेला, तसली चिप आणि इवला दिवा असलेला जुना बोर्ड बाहेर काढला. मग दर रविवारी काहीतरी अडायचं आणि फोन लांबायचा. मालन सुखात होती.

पण निलेशला शिस्त होती. "आई, आधी डेटाशीट बघ. कुठलं पान वाचलंस ते सांग, मगच विचार. ऑफिसात नव्या पोरांनाही आम्ही असंच करतो."

डेटाशीट म्हणजे चिप बनवणाऱ्यांनी दिलेली माहिती. ती कुणाला समजू नये याची त्यांनी पुरेशी काळजी घेतलेली होती. मालन शब्दकोश घेऊन बसली. मुलाशी बोलायचं तर पान वाचणं भाग होतं. वाचता वाचता ती आत उतरत गेली. त्या इवल्याशा चिपला झोपेचे सहा प्रकार येत होते. तिच्या नवऱ्याला, गुणाजीला, एकच येत होता, पण त्यात तो पारंगत होता. चिपमध्ये एक पहारेकरीही होता. ठरल्या वेळात हाक आली नाही, की काहीतरी बिघडलं असं समजून तो सगळं नव्याने सुरू करायचा. मालनच्या दुपारच्या डुलकीत हा पहारेकरी तिच्या स्वयंपाकघरात येऊन कुकरच्या शिट्या मोजायचा.

जे अडायचं, त्याचं उत्तर पुढच्या एखाद्या पानावर असायचंच. विचारायला काही उरेना. एक रविवार तसाच गेला. मग आणखी एक. मालनच्या ते लक्षातही आलं नाही.

स्टुलाजवळचा फोन वाजला.

"काय गं आई, पत्ता नाही तुझा! वाट लावलीस ना बोर्डाची?"

"छे रे. झकास चाललंय. सगळं मिळतं त्या डेटाशीटमध्ये, तू म्हणालास तसं."

"अच्छा."

पलीकडे शांतता. टीव्ही नाही, भांड्यांचा आवाज नाही, कुणाचं बोलणं नाही.

"जेवलास?"

"हो. ब्रेड होता." मग निलेशने विचारलं, "म्हणजे... काहीच अडलं नाही तुझं?"

दिव्याचा उजेड मालनच्या चेहऱ्यावर सावकाश चढला, सावकाश ओसरला, पुन्हा चढला. तिने फोन दुसऱ्या कानाला लावला आणि स्टूल पुढे ओढलं.

"अडलंय तर," ती म्हणाली. "मेला दिवा पेटतच नाहीये."