त्याच सालची रबरं

कॉलेजातली माझी गंजलेली माउंटन बाईक मी तीन वर्षं खपून पुन्हा उभी केली. गिअर, पेडल, साधा स्क्रूसुद्धा तिच्याच सालचा. काल ब्रेकची रबरंही त्याच सालची मिळाली, पाकीटबंद. ती दगडासारखी कडक झाली होती, पण सायकल जुन्या सायकलींच्या स्पर्धेत नुसती मांडायची होती, म्हणून बसवली. घरात कुणाला सांगितलं नाही. आज दाढी करताना लेकीचा आवाज आला, "बाबा, तुझ्या सायकलवर उतारावरून चक्कर मारून येते." फेसासकट अनवाणी धावलो. उतार संपतो तिथे हमरस्ता, आणि समोरून ट्रक येत होता. सायकल कडेला थबकली. लेक वैतागून म्हणाली, "तुझ्या रबरांत नखही रुतेना. सकाळीच नवी बसवली." संध्याकाळी स्पर्धेच्या अर्जात 'सर्व भाग मूळ सालचे?' या प्रश्नापुढे मी 'नाही' लिहिलं.