अक्कलदाढेचा पाठ

बी.एड.च्या अंतिम परीक्षेत छात्रशिक्षिकेला पाठ आला मानवी उत्क्रांतीचा, आणि नेमकी त्याच सकाळी तिची अक्कलदाढ ठणकून गाल टम्म फुगला. दातांच्या डॉक्टरांनी गोळी देऊन दाढ काढायला दुसऱ्या दिवशी बोलावलं. पण तीन दिवस खपून रंगवलेला जबड्यांचा तक्ता गडबडीत दवाखान्यातच राहिला. हे लक्षात आलं ते थेट फळ्यासमोर. शैक्षणिक साहित्याला दहा गुण होते, आणि मागे बसलेले परीक्षक सर तक्ता नसेल तर सरळ शून्य द्यायचे.

गालाला रुमाल धरून अर्ध्या तोंडाने तिने सुरुवात केली. "आपले पूर्वज कच्चं, चिवट खायचे. पुढे अन्न शिजून मऊ मिळायला लागलं, तसा पिढ्यानपिढ्या जबडा लहान होत गेला. दाढा मात्र तेवढ्याच राहिल्या. त्यामुळे शेवटची दाढ येते, तेव्हा तिला जागाच नसते."

"मग काय होतं, मॅडम?" पहिल्या बाकावरून प्रश्न आला.

काय होतं ते तक्त्यावर होतं. तिने सुस्कारा सोडला आणि रुमाल बाजूला केला.

"हे होतं."

"बाप रे!" अख्खा वर्ग एका सुरात ओरडला. दहा गुणांवर पाणी सोडून तिने पाठ कसाबसा उरकला.

संध्याकाळी सरांचा शेरा हाती आला.

 

"साहित्य: प्रत्यक्ष नमुना. विषयाला धरून, शेवटच्या बाकापर्यंत स्पष्ट दिसणारा. दहापैकी दहा. परीक्षा संपल्यामुळे नमुना काढून टाकण्यास हरकत नाही."