तिसरी खाट

“लहान मूल कुठे आहे?” व्हिएन्नाच्या हॉटेलातल्या मुलीने काउंटरवरून वाकून खाली पाहिलं.

शकूआत्याने भाच्याकडे पाहिलं. भाचेसून गार्गी शरमेने छताकडे बघू लागली.

“तिघा मोठ्यांना इकडे एक खोली देत नाहीत, आत्या,” कौस्तुभ कुजबुजला. “दोन कशाला घ्यायच्या उगाच? म्हणून तुला लहान दाखवलं. तशी बुटकीच आहेस की तू!”

सहा फुटांचा चेंगट नग! विमानतळावर स्वतःला घड्याळ घेताना मात्र याचा हात आखडला नव्हता. मुलीने हसू दाबत किल्ली दिली.

खोलीत एक मोठा पलंग होता आणि कोपऱ्यात कठड्याची इवलीशी खाट. चादरीवर ससे, उशीवर चॉकलेट.

आत्या बूट काढून पलंगावर ऐसपैस पसरली आणि शेजारची उशी थोपटू लागली. “ये गं गार्गी. मूल मीच ना? परक्या ठिकाणी मूल आईजवळच झोपतं.”

गार्गी फिस्सकन हसली आणि नवऱ्याकडे न बघता आडवी झाली.

“आणि मी?” कौस्तुभने विचारलं.

“पाय पोटाशी घे,” आत्या कुशीवर वळली. “चॉकलेट खा, आणि रडू नकोस.”