खात्याचं वय

"तुमचं खातं नऊ दिवसांचं आहे," काउंटरवरचा कारकून म्हणाला. बोलताना त्याने आवाज खाली आणला होता, घरात बाळ झोपलं असलं की आणतात तसा.

कवळ्या बनवणाऱ्या बाईंनी नवं क्रेडिट कार्ड त्याच्यापुढे अजून थोडं सरकवलं. दवाखान्याच्या तळमजल्यावरचा गाळा त्यांना हवा होता. मालकाची अट एकच: कार्डाचं खातं किमान दहा वर्षं जुनं असल्याचं बँकेचं पत्र, आज चारपर्यंत. नाहीतर गाळा मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला, आणि बाईंनी पुन्हा स्वयंपाकघराच्या ओट्यावर दात बसवत बसायचं. गेल्या आठवड्यात साखरेच्या डब्यात कुणाची तरी दाढ निघाली होती. नवरा तेव्हापासून बिनसाखरेचा चहा पितो.

"नऊ दिवसांचं म्हणजे अजून मानही धरत नसेल, वहिनी," सोबत आलेली नणंद म्हणाली. ती सकाळपासून बोलतच होती.

बाईंनी सांगितलं की याच बँकेचं कार्ड त्यांच्याकडे पूर्वीही होतं. सव्वीस वर्षांपूर्वी, जेमतेम आठ महिने. मग नोकरी सुटली, तेव्हा याच काउंटरवर कात्रीने कापून परत दिलं. कारकुनाने नियम सांगितला: जुना ग्राहक परत आला तर नव्या कार्डाला जुनी तारीख मिळते. पण बंद खातं सात वर्षांनी पुसून टाकतात, तेव्हा आशा धरू नका. तरी बाईंच्या समाधानासाठी त्याने नाव टाकून पाहिलं.

मग तो उभा राहिला. आत जाऊन साहेबांना घेऊन आला. साहेब बराच वेळ वाकून वाचत होते. शेवटी त्यांनी स्क्रीन बाईंकडे वळवला.

खातं बंद नव्हतं. शेऱ्याच्या रकान्यात सव्वीस वर्षांपूर्वीच्या कुणीतरी लिहिलं होतं: 'ग्राहकाने कार्ड परत केले. निघताना "येते" म्हणाल्या. खाते चालू ठेवावे.'

"अहो, निघताना म्हणतातच तसं," बाई म्हणाल्या. "'जाते' म्हणतं का कुणी?"

"पण म्हणालात ना?" साहेबांनी विचारलं.

म्हणाल्या असणारच. त्याखाली दर वर्षाची एक ओळ होती. दर वर्षी वरून विचारणा व्हायची, हे खातं पुसायचं का, आणि दर वर्षी इथलं कुणीतरी उत्तर द्यायचं. 'नको. येते म्हणाल्या आहेत.' 'वाट पाहत आहोत.' 'एक बाई आल्या होत्या, पण विसरलेली छत्री न्यायला. त्या या नव्हेत.' 'उद्या माझी बदली. पुढच्याने लक्ष ठेवावे.' 'पुढचा मी. ठेवतो आहे.' एका वर्षी नुसतंच, 'उशीर झाला असेल.'

बाईंनी चष्मा पुसला आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. पहिला सोडला तर यांतल्या कुणाची आणि त्यांची कधी गाठ पडली नव्हती. नणंद त्यांच्या खांद्यावरून वाचत होती. मागच्या रांगेला कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी लोकांनी मोबाइल खिशात ठेवले.

प्रिंटरमधून पत्र आलं. खात्याचं वय: सव्वीस वर्षं. साहेबांनी शिक्का मारला, नीट उमटला नाही म्हणून त्यावर तोंडाची वाफ देऊन पुन्हा मारला. चार वाजायला वीस मिनिटं होती. बाई तरी जागच्या हलल्या नाहीत.

यंदाची ओळ अजून रिकामी होती. साहेबांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. कारकुनाने हात पँटला पुसले आणि एका बोटाने, एकेक अक्षर बघून, टाइप केलं:

'आल्या.'