दोन राखीव खुर्च्या

बास्केटबॉल संघाच्या निवेदनानुसार सुजलेल्या गुडघ्यानिशी खेळण्याचा हट्ट गार्डच्या जागी खेळणाऱ्या त्या तरुण खेळाडूचाच होता. प्रत्यक्षात तो प्रशिक्षकांना म्हणाला होता, “सर, पाय टेकवत नाही.” प्रशिक्षक म्हणाले, “राजे, मग पालखी मागवू का?” सारे हसले, तोही हसला आणि मैदानात उतरला. निवेदनात या हसण्यालाच हट्ट म्हटले आहे. दुखापत दुसऱ्या गार्डलाही होती. त्याला विश्रांती मिळाली. संघाच्या बाकामागे प्रत्येक खेळाडूच्या घरच्यांसाठी दोन खुर्च्या राखीव असतात. या तरुणाच्या खुर्च्यांवर हंगामभर कुणी बसले नव्हते. त्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून एकीवर तो जाकीट ठेवी, दुसरीवर पिशवी. त्याच सामन्यात त्याचा गुडघा कायमचा गेला. स्ट्रेचरमागे कुणीही धावले नाही. चौकशीत प्रशिक्षकांना विचारले, यालाच का उतरवलेत? त्यांचे उत्तर जसेच्या तसे: “दुसऱ्याच्या खुर्चीत त्याची आई बसली होती हो. याच्या खुर्चीत जाकीट होतं.”